आधी विचार, अडवतंय कोण?

अगं, रडायचं ते नंतर रड. आधी मला एवढं सांग, शेअरचा फोल्डर ऑफिसात कुणालाच उघडत नाही, की काहींना उघडतो आणि काहींना नाही? आणि ज्यांना उघडत नाही त्यांच्या स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतं? ‘एरर आला’ हे काही उत्तर झालं नाही. कॅशियर काकांना म्हणावं, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आपल्याकडे ती चौकट कुणी वाचतच नाही. दिसली की ओके दाबून मोकळे. अर्धं निदान तिथंच वाया जातं.

आणि सचिव साहेब म्हणाले ना, ‘कालपर्यंत चालत होतं, हिनं हात लावला आणि बिघडलं’? ते मनाला लावून घेऊ नकोस. पण त्यातले पहिले तीन शब्द मात्र कागदावर लिहून घे, कारण तो तुझ्या कामाचा पुरावा आहे. कालपर्यंत चालत होतं. वायर तीच, स्विच तोच, काउंटरवरचे पीसी तेच. बदललं काय, तर सर्व्हरवरचं विंडोज. म्हणजे नवा सर्व्हर एक तर काहीतरी विसरलाय, नाहीतर काहीतरी मुद्दाम नाकारतोय. या दोन शक्यता घेऊन बसलीस की डोकं आपोआप शांत होतं.

बदलणं भाग होतं, हेही साहेबांना सांगायला लाजू नकोस. तुमच्या सर्व्हरवर आधी विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपवला. वरचे पैसे भरून मुदत वाढवून घेतली नाही, तर त्यानंतर सापडलेली भोकं त्यात तशीच राहतात. गावच्या लोकांनी उसाच्या बिलातून, दुधाच्या पगारातून ठेवलेल्या ठेवींचा हिशोब असल्या मशीनवर ठेवायचा का, एवढंच विचार. ते गप्प बसतील.

आता विसरण्याचं आधी बघू, ते सोपं असतं. ज्या दादांनी येऊन काम केलं त्यांना फोन लाव आणि एकच प्रश्न विचार: जुन्यावरच नवं चढवलंत, की सी ड्राइव्ह फॉरमॅट करून कोरं टाकलंत? दोन्ही रीती बरोबर आहेत. सर्व्हर २०२५ तर २०१२ आर-टूवर थेट चढवता येतो. पण बरेच जण कोरं टाकणं पसंत करतात, आणि मीही करते, कारण दहा वर्षांचा कचरा त्यात निघून जातो. फक्त कोरं टाकलं असेल तर शेअर गेले म्हणून समज. डी ड्राइव्हवर फोल्डर जसाच्या तसा दिसतो, आत रोजकीर्द आहे, खतावणी आहे, सभासदांची कागदपत्रं आहेत, मग शेअर का नाही, असं सगळे विचारतात. कारण ‘हा फोल्डर नेटवर्कवर अमुक नावाने दाखव’ ही नोंद फोल्डरात नसतेच. ती विंडोजच्या रजिस्ट्रीत असते, लॅनमॅनसर्व्हर या सेवेच्या खाली शेअर्स नावाच्या कप्प्यात. सी पुसला की ती नोंद पुसली. काम सुरू करण्याआधी तो कप्पा एक्स्पोर्ट करून ठेवला असता तर पाच मिनिटांत सगळे शेअर परत आले असते. दादांनी ठेवलाय का विचार. नसेल ठेवला तर भांडू नकोस, हाताने परत कर. तुमच्याकडे शेअर असून असून किती असणार?

पण खरा घोळ पुढे आहे, आणि यात चांगले चांगले अडकतात. दादांनी नव्या सर्व्हरवर ‘काउंटर एक’, ‘काउंटर दोन’ अशी जुन्याच नावांची खाती केली, पासवर्डही जुनेच दिले. शेअरही केला. तरी काकांना ‘ॲक्सेस डिनाइड’. नाव तेच, पासवर्ड तोच, मग नडतंय काय? विंडोज नावाकडे बघतच नाही, बाई. प्रत्येक खातं तयार होताना त्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो, एस-१-५-२१ असा सुरू होणारा, आणि फोल्डरवरची परवानगी त्या क्रमांकाला दिलेली असते. जुना ‘काउंटर एक’ आणि नवा ‘काउंटर एक’ ही सर्व्हरच्या लेखी दोन वेगळी माणसं. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचा टॅब उघड. तिथं नावांच्या जागी ‘अकाउंट अननोन’ आणि आकड्यांची शेपटी दिसली, की दुखणं सापडलं. ती मेलेली नावं काढायची, नवी घालायची, आणि ते आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू होतंय ना हे बघायचं. फायली लाखभर असतील तर याला वेळ लागतो. मध्येच बंद करू नकोस, आणि हे काम सहानंतर कर, काउंटरवर गर्दी असताना नाही.

परवानग्या दोन ठिकाणी असतात हे मात्र पक्कं लक्षात ठेव. एक शेअरची, दुसरी सिक्युरिटी टॅबमधली, जिला एनटीएफएसची म्हणतात. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन आलं की आपल्या शेतात पाणी किती येतं? कालव्याचं दार पूर्ण उघडलं आणि चारीचं अर्धंच उघडं असलं तर अर्धंच. चारी मोकळी आणि वरचं दार बंद असलं तर थेंब नाही. इथं तसंच, दोन्हींत जी कडक ती चालते. म्हणून शेअरवर सगळ्यांना पूर्ण हक्क दिला तरी सिक्युरिटीत नाव नसेल तर माणूस बाहेरच. आणि उलटंही. नवा शेअर करताना विंडोज बहुतेक वेळा फक्त वाचायचा हक्क देऊन मोकळं होतं, मग फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. पिग्मीची नोंद करताना ‘रीड ओन्ली’ आलं तर इथं बघ.

स्क्रीनवरची ओळ वाच म्हणून एवढं का सांगतेय, ते आता कळेल तुला. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर खूश हो. त्याचा अर्थ वायर ठीक, पत्ता ठीक, फायरवॉल ठीक, पासवर्डसुद्धा ठीक, सर्व्हरने तुला ओळखलं आणि मग नाही म्हणाला. राहिली फक्त परवानगी. ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा’ आलं तर सर्व्हरपर्यंत पोचलीस, ओळख पटली नाही. ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ आलं तर तू पोचलीच नाहीस, आणि मग परवानग्यांशी खेळत बसण्यात अर्थ नाही. कितीतरी ऑफिसांत लोक न पोचण्याच्या दुखण्यावर परवानगीचं औषध देत बसतात. सगळ्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्क देऊन टाकतात, दुखणं तसंच राहतं, आणि वर फोल्डर गावाला मोकळा होतो.

न पोचण्याची कारणं आपल्या भागात बहुतेक विजेपाशी येऊन थांबतात. दुपारी लाइट जाते, यूपीएस अर्धा तास तग धरतो, मग सगळं बंद. लाइट आली की सगळी मशीनं एकदम उठतात, आणि राउटर सगळ्यांत उशिरा. पीसी पत्ता मागतो, द्यायला कुणी नसतं, म्हणून तो स्वतःच एक पत्ता लावून घेतो. आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन बघ: १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समज की पीसी अधांतरी आहे. राउटर उठल्यावर बऱ्याच वेळाने तो आपोआप ठीक होतो, पण तोवर काउंटरवर आरडाओरडा झालेला असतो. वायर काढून परत लाव, झालं. सर्व्हरचा पत्ता मात्र कायमचा ठरवून दिलेला हवा. इथंही नवं विंडोज विसरतं. कोरं टाकलं, किंवा नेटवर्क कार्डाचा नवा ड्रायव्हर आला, की जुना ठरवलेला पत्ता जातो आणि सर्व्हर राउटरकडून मिळेल तो पत्ता घेतो. काउंटरचे पीसी जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतात. तुझ्या जुन्या वहीत सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असेल, तो ताडून बघ.

नावाने उघडत नसेल तर आकड्याने उघडून बघ. दोन उलट्या तिरप्या रेघा, पुढे सर्व्हरचा पत्ता, एंटर. आकड्याने उघडलं आणि नावाने नाही, तर सर्व्हर निर्दोष, नावाचा पत्ता शोधणारी यंत्रणा गडबडली. आणि बरं का, डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’ यादीत सर्व्हर दिसत नाही म्हणून घाबरू नकोस. ती यादी पूर्वी ज्या जुन्या सेवेवर चालायची ती आता नव्या विंडोजमध्ये नाही. यादीत यायला सर्व्हरवर फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन नावाची सेवा चालू असावी लागते. पण यादीत नसला तरी नाव टाइप करून फोल्डर उघडतोच. माझ्या मते यादी हवीच कशाला? प्रत्येक पीसीवर ड्राइव्हचं एक अक्षर लावून दे, यादी बघायची वेळच येणार नाही.

आकड्यानेही उघडत नसेल तर फायरवॉल. नवं विंडोज कुठल्याही नव्या नेटवर्कला अनोळखी समजतं आणि ‘पब्लिक’ असा शिक्का मारतं. म्हणजे त्याला वाटतं, आपण पुणे स्टेशनच्या फुकट वायफायवर बसलोय. त्या शिक्क्याखाली फाइल शेअरिंगचा दरवाजा बंद असतो. सर्व्हरवर सेटिंगमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ कर. दरवाजाचा क्रमांक ४४५. काउंटरच्या पीसीवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेला सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ४४५ दे. ‘ट्रू’ आलं तर दार उघडं, ‘फॉल्स’ आलं तर बंद. पिंग जातोय म्हणून दार उघडं आहे असं नव्हे, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आणि फायरवॉल पूर्ण बंद करून ‘बघा चालू झालं’ म्हणणारा कुणी आला, तर त्याच्याच हातून परत चालू करून घे. बंद केल्यावर उघडलं एवढीच माहिती त्यातून घ्यायची, आणि मग फाइल अँड प्रिंटर शेअरिंगचा नियम तेवढा सुरू करायचा.

इथपर्यंत विसरण्याचं झालं. आता नाकारण्याचं. इथं तुला जरा ताठ उभं राहावं लागणार आहे, म्हणून नीट ऐक.

फोल्डर शेअर करायची विंडोजची बोली आहे तिला एसएमबी म्हणतात. तिचा उगम १९८३ मधला, आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांचा. पहिली आवृत्ती त्या काळाची, जेव्हा नेटवर्कवर कुणी वाईट हेतूने येईल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे व्हिस्टाबरोबर दुसरी आली, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ बरोबर तिसरी. पहिली वापरू नका असं मायक्रोसॉफ्टचेच लोक सांगत होते, पण ऐकतो कोण. मग २०१७ उजाडलं. १४ मार्चला त्या पहिल्या आवृत्तीतलं भोक बुजवणारं अपडेट आलं, आणि १२ मेला वॉनाक्रायने जगभर ते भोक न बुजवलेली मशीनं गाठून फायली कुलूपबंद केल्या. त्याच भोकाचा उपयोग करणारं, आणि शिवाय चोरलेले पासवर्ड वापरणारं नॉटपेट्या २७ जूनला सुटलं. त्याची सुरुवात कुठून झाली माहितीय? युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तुमच्याकडे चालतं तशाच, हिशोबाच्या. आणि त्याचा फटका आपल्या उरणपर्यंत पोचला. न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरात एपीएम टर्मिनल्स चालवत असलेलं एक टर्मिनल ठप्प झालं, कारण ती कंपनी मर्स्कच्या गटातली आणि मर्स्कची मशीनं जगभर बसली होती. कंटेनर उभे राहिले. सर्व्हर कुठे, बंदर कुठे!

त्यातली एक गोष्ट तुला आवडेल. मर्स्कच्या सगळ्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे जगभरचे सर्व्हर पुसले गेले, फक्त घानामधला एक वाचला. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका प्रतीवरून त्यांनी सगळं परत उभं केलं. आपल्याकडच्या लोडशेडिंगची आठवण काढून मी हे वाचताना खूप हसले होते.

तर त्या वर्षीच्या शरदापासून, म्हणजे ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून, पहिल्या बोलीची सर्व्हरची बाजू नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये आपोआप येत नाही. २०१२ आर-टूमध्ये ती होती. म्हणून तुझ्या जुन्या सर्व्हरशी जे जे त्या बोलीत बोलत होतं, ते आज मुकं झालंय. पासबुक छापायच्या प्रिंटरला लावलेला तो कोपऱ्यातला पीसी आठव. त्यावर एक्सपी आहे ना? एक्सपीला फक्त पहिली बोली येते. तो नव्या सर्व्हरशी कधीच बोलणार नाही, आणि बोलूही नये. विंडोज ७ वाल्याला मात्र दुसरी येते, तो जोडला जातो. त्यामुळे ‘सेव्हन जुना आहे म्हणून उघडत नाही’ असं कुणी म्हणालं तर ते कारण नाही, दुसरं शोध. सेव्हन बदलायला हवाच, पण ती वेगळी बाब.

मग केडगावहून नाहीतर पुण्याहून कुणी तरी येईल. पुणे-दौंड शटलने येईल, परतीच्या गाडीकडे डोळा असेल. तो म्हणेल, ‘ताई, काही नाही, एसएमबी-वन ऑन करून टाकतो, दोन मिनिटांचं काम.’ आणि खरंच दोन मिनिटांत सगळं चालू होईल. कॅशियर काका टाळ्या वाजवतील. सचिव साहेब तुझ्याकडे बघून म्हणतील, याला म्हणतात माणूस. तेव्हा तू तोंड वाकडं करून भांडू नकोस. शांतपणे म्हण, ‘दादा, करा. फक्त सर्व्हिस रिपोर्टवर लिहून सही द्या, की ही जुनी बोली आम्ही चालू केली आणि त्यातून काही झालं तर जबाबदारी आमची.’ बघ मग, त्यालाच दुसरा मार्ग सुचतो की नाही. मी हे कितीदा तरी केलंय. आवाज चढवावा लागत नाही, नुसता कोरा फॉर्म पुढे सरकवला की होतं.

दुसरा मार्ग असतोच. एक्सपीच्या जागी एक साधा पीसी आण. पासबुक प्रिंटर त्याला लागतो, जुना जाड पोर्ट नसेल तर त्याचं कार्ड मिळतं. फक्त विंडोज १० टाकलेला जुना पीसी स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नकोस, त्याचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

झेरॉक्स मशीनचं जरा किचकट आहे. त्यावरून स्कॅन केलेली कागदपत्रं थेट सर्व्हरच्या फोल्डरात पडायची ना? कर्जाच्या फायली, उतारे, आधारच्या प्रती? ती आता पडत नसतील. मशीनच्या मेनूत जाऊन एसएमबीची आवृत्ती निवडायची सोय आहे का बघ. नसेल तर कंपनीच्या माणसाला त्याचं फर्मवेअर नवं करायला सांग, कितीतरी मशीनं एवढ्याने सुधारतात. तेही नसेल तर स्कॅन ईमेलवर पाठवायची सोय असते, ती लाव. शेवटचा उपाय पेनड्राइव्ह, पण तो एकच ठेव, मशीनजवळच राहील असा. लोकांच्या आधारच्या प्रती कुणाच्या खिशातून फिरायला नकोत. मशीनमध्ये सर्व्हरचं खातं भरलेलं असतं हेही विसरू नकोस. पासवर्ड बदलला की तिथंही बदलायला लागतो. आणि तिथं ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं कधीही भरायचं नाही. स्कॅनसाठी वेगळं खातं कर, त्याला एकाच फोल्डरात लिहायचा हक्क दे.

मॅनेजर साहेबांच्या नव्या लॅपटॉपचं दुखणं निराळं असेल. त्यावर विंडोज ११ आहे, २४एच२ म्हणतात ती आवृत्ती. तिच्यापासून मायक्रोसॉफ्टने प्रो आवृत्तीत दोन गोष्टी घट्ट केल्या. एक, बिनपासवर्डाचा पाहुणा चालत नाही. दुसरं, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक निरोपावर सही हवी, म्हणजे मधल्या मधे कुणी निरोप बदलला तर कळतं. त्यामुळे जिथं जिथं तुम्ही ‘पासवर्ड कशाला, घरचेच तर आहेत’ म्हणून पाहुण्याला मोकळं ठेवलं होतं, तिथं लॅपटॉप सांगतो की संस्थेच्या सुरक्षा धोरणाने पाहुणा अडवलाय. साहेब म्हणतील, आपलं असलं धोरणच नाही. नाहीच, ते विंडोजचं स्वतःचं आहे. तिथंही रजिस्ट्रीत जाऊन पाहुण्याला परत आत घेण्याचे उपाय सगळे सांगतील. तू खातं कर आणि पासवर्ड दे. आणि साहेबांना सांग, लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन इथं चालत नाही, तो त्या लॅपटॉपपुरताच असतो. ही एक गोष्ट समजावण्यात तुझी एक दुपार जाईल, जाऊ दे.

खाती नवी केली तरी एखाद्या पीसीवर पासवर्ड घेतलाच जात नाही, असंही होईल. तेव्हा कंट्रोल पॅनेलमधलं क्रेडेन्शियल मॅनेजर उघड. जुना पासवर्ड तिथं साठवून ठेवलेला असतो आणि पीसी तुला न विचारता तोच पाठवत राहतो. तो पुसून टाक. आणि एकाच पीसीवरून एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जायला विंडोज देत नाही. १२१९ क्रमांकाचा एरर आला तर तेच आहे. नेट यूजने जुनी जोडणी तोडून नव्या नावाने जोड.

शेअर केलेला प्रिंटर बंद पडला असेल तर त्याला फाइल शेअरिंगच्या खात्यात धरू नकोस. त्याचे नियम वेगळे. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर ज्याच्या शेवटी ११बी येतं तो एरर किती ऑफिसांनी भोगलाय! सर्व्हर आणि पीसी दोन्हींवर अपडेट पूर्ण असले की बहुतेक सुटतो. नाहीतर प्रिंटरला थेट नेटवर्कचा पत्ता दे आणि शेअरच्या भानगडीतून सोडव.

आता ज्यासाठी मी एवढा वेळ बोलतेय ते. फोल्डर उघडला नाही की दहा माणसं ओरडतात, म्हणून तो आज ना उद्या दुरुस्त होतोच. बॅकअप बंद पडला तर कुणीच ओरडत नाही. तुमच्या सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप त्या कपाटावरच्या डब्यात जायचा, नॅसमध्ये. त्यात विसरणं आणि नाकारणं दोन्ही एकदम घडलंय बघ. कोरं विंडोज टाकलं म्हणजे रात्री बॅकअप घ्यायची नेमून दिलेली टास्क गेली. ती परत लावली तरी नवा सर्व्हर त्या जुन्या डब्याकडे पाहुणा म्हणून जाणार नाही, आणि डब्याला नुसती पहिलीच बोली येत असेल तर त्याच्याशी बोलणारच नाही. सही जमली नाही तर ‘क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इज इनव्हॅलिड’ असा निरोप लॉगमध्ये पडून राहतो, तिथं कोण बघतंय? डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरी-तिसरी बोली चालू कर, बॅकअपसाठी वेगळं खातं कर, पाहुणा बंद कर. टास्कमध्ये झेड ड्राइव्ह वगैरे लिहू नकोस. कुणी लॉगिन केलेलं नसताना ती अक्षरं नसतात, म्हणून पूर्ण पाथ लिही. हे सगळं डब्याला जमत नसेल तर डबा बदल. चेअरमन साहेबांकडे पैसे मागायला हाच एक खर्च निवड, बाकीचे पुढे ढकल.

आणि बॅकअप झाला म्हणजे काय? फोल्डरात आजची तारीख दिसली, एवढ्यावर समाधान मानू नकोस. एक फाइल परत काढून बघ, उघड, गेल्या आठवड्याची एखादी रोजकीर्द जुळवून बघ. शिवाय एक प्रत अशी ठेव जी नेटवर्कला जोडलेलीच नाही. बाहेरच्या हार्डडिस्कवर घे आणि डिस्क तिजोरीत ठेव. नॉटपेट्यासारखं काही आलं तर जोडलेला डबाही पुसला जातो. घानाच्या सर्व्हरला निदान लाइट गेल्याने जीवदान मिळालं, आपण काय दर वेळी महावितरणवर भरवसा ठेवायचा?

उद्या ऑफिस उघडायच्या आधी अर्धा तास लवकर जा. आधी एकाच पीसीवर सगळं चालू कर, कॅशियर काकांच्या. गर्दीत काका चालू असले की बाकीच्यांचा धीर राहतो. मग एकेक पीसी. प्रत्येकाला काय केलंस ते वहीत लिही: पीसीचं नाव, एरर काय, केलं काय. सगळं लागल्यावर सर्व्हरवर गेट-एसएमबीसेशन आज्ञा दे, तिच्याकडून डायलेक्टचा रकानाही मागव आणि कोण कुठल्या बोलीत जोडलंय ते बघ. त्या रकान्यात ३.१.१ दिसलं की छान. सेव्हनवाल्याचा २.१ दिसेल. त्या पीसीचं नाव लाल पेनाने लिही, पुढच्या बजेटला.

आणि जाता जाता दादांकडून ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागून घे. ‘आमच्याकडे असतो, तुम्हाला कशाला’ असं म्हणतील. सचिव साहेबांना पुढे कर, पाकीट करून सहीने तिजोरीत ठेवायला लाव. दादा शटल पकडायच्या आत.